लिहिता येत नसल्याबाबत

लिहिणाऱ्यांपेक्षा न लिहिणाऱ्यांची संख्या कोणत्याही काळी अधिकच राहिलेली आहे, आणि समाज जो काही टिकून आहे तो त्यामुळेच. तरीही सन १९८६च्या चातुर्मासात, मुलुंड पूर्वेच्या आमच्या मारुती मंदिरात, धोंडूबुवांनी भर कीर्तनात टाळ थांबवून सवाल टाकला, "जिभेला नामाचा नेम लावलात, पोटाला एकादशीचा लावलात, हाताला काय लावलात?" श्रोत्यांनी आपापल्या हातांकडे पाहिले. बहुतेकांच्या हातात वारा घ्यायला पुठ्ठा होता.

बुवांचा शब्द आम्ही खाली पडू देत नाही. (मी स्वतः कीर्तनापायी सख्ख्या मेहुण्याची हळद अर्ध्यावर सोडून आलेला मनुष्य आहे. मेहुणा अजून बोलतो; पण कमी.) दुसऱ्याच दिवशी 'दैनिक लेखन-नेम मंडळ' स्थापन झाले आणि मी त्याचा चिटणीस झालो. नेम सोपा होता. चाळीस दिवस, रोज एक पान, स्वतःच्या मनातले, साडेसातच्या गजराआधी देवळातल्या बिस्किटांच्या डब्यात टाकायचे. एक दिवस चुकला की नाव कापले. जो चाळीस दिवस पुरे करील त्याच्या हातून समाप्तीला बुवांच्या गळ्यात हार.

नियमावली आमचे अध्यक्ष जयवंतराव यांनी केली. ते अंधेरीच्या एका कचेरीत हेडक्लार्क. नियमावली अकरा पानांची झाली, आणि मंडळाचे आजवरचे सर्वात मोठे लेखन तेच आहे. त्यात त्यांनी दूरदृष्टीने एक कलम घातले होते: ज्यास लिहिता येणार नाही त्याने तसा लेखी अर्ज द्यावा. रजेची कारणे चार ठेवली होती: ताप, पाहुणे, सुतक आणि आत्मशंका. आत्मशंका म्हणजे "आपल्याला हे जमेल काय?" असे वाटणे. ही रजा पूर्ण चाळीस दिवसांत तीनच दिवस मिळे, कारण जयवंतरावांच्या मते यापेक्षा जास्त दिवस स्वतःवर शंका घेणे हा सरळसरळ कामचुकारपणा होता.

एकूण सभासद तेवीस. पहिल्या दिवशी डब्यात चौदा पाने व नऊ अर्ज निघाले. चौथ्या दिवशी पाने तीन (पैकी एक मुलाच्या शाळेतले बेडकाचे चित्र) आणि अर्ज वीस. अर्जांपैकी बारांत पाहुणे आले होते, आणि चार घरांत एकाच वेळी एकच पाहुणा जेवत होता. मंडळाने त्या पाहुण्याचे कौतुक केले व त्या बाराही रजा मंजूर केल्या. आठवड्याअखेर सर्वांच्या रजा संपल्या आणि नावे कापत कापत यादी एका ओळीवर आली.

ती ओळ गुणाजीची.

गुणाजी मूळचा मालवणकडचा. गिरणी बंद पडल्यावर विक्रोळीच्या एका कारखान्याच्या गेटवर लागला. अकरा वर्षे कीर्तनाला येतो, पण बसतो दारापाशी, चपलांच्या शेजारी. पुढे बस म्हटले तर म्हणतो, "हयच बरा आसा. पुढे शिकलेली माणसा." त्याने मंडळात नाव दिले तेव्हाच मी समजलो की याला तो हार घालायचा आहे. अकरा वर्षांत तेवढ्यासाठी तरी तो चपलांपासून उठला असता. त्याचा पहिला अर्ज मी जसाच्या तसा देतो:

"विषय: आज लिहिता येत नसल्याबाबत. महोदय, मी सातवी पास आहे. कागद घेऊन खिडकीपाशी बसलो. समोर कावळा येऊन बसला. त्याने कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि उडून गेला. थांबण्यासारखं काही होणार नाही हे त्याला माझ्याआधी कळलं. सबब रजा मिळावी."

दुसऱ्या दिवशीचा: "आमच्या मंडळींचं म्हणणं, 'तुमका लिवक येता तर मगे बाजाराच्या यादीत नुसता 'नेहमीचा सगळा' एवढाच कशाक लिवन दिलास?' सबब रजा मिळावी."

तिसऱ्या दिवशीचा: "गेटवर मी रोज येणाऱ्या लॉऱ्यांचे नंबर लिहितो. चार वर्षं लिहितो. ते कोणी वाचत नाही म्हणून हात भराभर चालतो. हे मात्र कोणीतरी वाचणार. म्हणून हात गेटवर राहिला आणि मी तेवढा घरी आलो."

अर्ज वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आले की हसू आले, याची नोंद इतिवृत्तात नाही. मी ते बुवांना दाखवले. बुवांनी त्याच रात्री पूर्वरंगात वाचून दाखवले, पेटीवाला हसता हसता भलत्याच सुरात गेला, आणि दारापाशी गुणाजी खाली मान घालून कोणाची तरी चप्पल नीट लावत बसला.

चौथ्या दिवशी पेच आला. गुणाजीने आणखी एक अर्ज टाकला आणि जयवंतरावांनी त्याला देवळाच्या पायरीवर गाठले.

"गुणाजी, तुझी शंकेची रजा संपली."

"पण शंका संपली नाय ना, साहेब."

"ती घरी संपवायची. इथे फक्त रजा संपते. आज पान नाही, म्हणजे नाव कापणार."

गुणाजीची बायको रत्नप्रभा वाती घेऊन मागेच उभी होती. "कापा की! मगे उद्या बुवा काय वाचतले? तुमची नियमावली?"

बायकांच्या बाजूने एवढा हशा उठला की मारुतीच्या माथ्यावरचे फूल पडले. (उजवीकडे पडले, म्हणजे कौल होकाराचा.) जयवंतरावांनी चष्मा पुसला, अर्ज पुन्हा वाचला, आणि मनुष्यजातीच्या प्रशासकीय इतिहासात ज्याला तोड नाही असा विचार मांडला. रजा शिल्लक नाही, म्हणून अर्ज नामंजूर. रजा नामंजूर, म्हणजे मनुष्य कामावर हजर. मनुष्य हजर, आणि त्याने डब्यात स्वतःच्या मनातले एक पान टाकलेले आहे. सबब दिवस भरला.

मग कोणीतरी गजर धरला.

तेव्हापासून गुणाजी रोज लिहिता येत नसल्याचे लिही, मंडळ रोज ते फेटाळी, आणि त्याचा नेम अखंड चाले. शंका मात्र खरी होती. रोज साडेसहाला तो माझ्याकडे येऊन विचारी, "आज तरी मंजूर होईल ना?" मी म्हणे, "मुळीच नाही." मग त्याचा चेहरा पडे, आणि तो घरी जाऊन आदल्या दिवसापेक्षा सरस लिही. एके दिवशी मिठागरातले ढीग बघून आला. "मिठाबद्दल कोणीतरी याआधी चांगलं लिहिलंच असणार असा विचार करत चाललो. घरी पोचेपर्यंत ढीग मनात विरघळला, नुसती तहान लागली." ही ओळ वाचताना बुवांनी तंबोऱ्याला हात लावला नाही. श्रोत्यांची संख्या एकतीसवरून एकशे चाळीसवर गेली. (यात रेशनचे दुकान कुठे, हे विचारायला आलेले नऊ जण धरले आहेत, तेही बसले.)

एकोणचाळिसाव्या दिवशी जयवंतरावांच्या हातून चूक झाली. त्यांनी गुणाजीच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "तू आता लेखक झालास रे."

चाळिसाव्या दिवशी सात वाजता गुणाजी रिकाम्या हातांनी आला. बाहेर हार तयार होता, शेवंतीचा.

"अर्ज कुठाय?" मी विचारले.

"नाय. शंकाच गेली."

"छान! मग लिही."

"सकाळपासना लिवतंय." त्याने खिशातून कागद काढले. सातही कागदांवर एकच सुरुवात होती: 'निसर्ग हा मानवाचा खरा मित्र आहे.'

रत्नप्रभेने एक कागद ओढून घेतला. "ह्यां कोणी लिवल्यान?"

"मियाच."

"खोटा! तुमी असा बोलनास नाय. ह्यां कोण शिकलेलो माणूस दिसता."

गुणाजीने तिच्याकडे बघितले, हाराकडे बघितले, आणि पायरीवर बसकण मारली. सात वाजून चोवीस मिनिटे झाली होती. पेटीवाल्याने सूर धरला होता. मी डब्याचे झाकण हातात घेऊन उभा होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला कीर्तन उशिरा सुरू व्हावेसे वाटले. अखेर गुणाजीने माझ्या खिशातले पेन काढले, कागद उलटा केला, आणि लिहिले:

"महोदय, काल संध्याकाळपासून मला लिहिता येतं असं वाटू लागलं आहे. तेव्हापासून एक ओळ आलेली नाही. कावळाही आला नाही. तरी माझा आत्मविश्वास रद्द करून पूर्वीप्रमाणे ठेवावे ही विनंती."

डबा साडेसातला बंद झाला. अर्ज आत गेला तेव्हा सात वाजून एकोणतीस मिनिटे झाली होती.

मंडळाने अर्ज रीतसर नामंजूर केला. आत्मविश्वास रद्द करण्याची तरतूद नियमावलीत नव्हती. तो तूर्त निलंबित ठेवण्यात आला. गुणाजी चपला ओलांडून एकशे चाळीस माणसांमधून पुढे गेला. हार घालताना त्याची मान खालीच होती, त्यामुळे अर्धा हार पेटीवाल्याच्या डोक्यावर गेला, आणि बुवांनी वाकून गुणाजीच्या पायांना हात लावला.

प्रसादाच्या वेळी बाकीचे बावीस सभासद माझ्याभोवती जमले. त्यांचे म्हणणे एकच होते, आणि अगदी प्रामाणिक होते: "अहो, असे अर्जच चालणार होते, तर आम्हीही लिहिले असते. त्यात काय आहे!" मी ते इतिवृत्तात बावीस वेळा लिहून घेतले.

वाचकहो, हे वाचताना मध्येच कुठेतरी आपल्यालाही तसेच वाटून गेले, हे मंडळास ठाऊक आहे. आपले म्हणणे मंडळाला मान्य आहे. आपण याहूनही सरस लिहाल, यात मंडळाला शंका नाही. अडचण एवढीच आहे की ती आपल्यालाही नाही. मग आपण लिहिणार तरी कसे?