तळघरातलं तोंड

आमच्या घराखाली रोमन काहीही नाही, असं मी छातीठोकपणे सांगून टाकलं. वाचकहो, छातीठोकपणे बोलणं हा माझा स्वभाव नाही. मी बेकरीत पाव मागतानासुद्धा ‘असला तर’ म्हणतो. पण लॅटिन शिकवण्यात माझी उभी हयात गेली, आणि निदान त्या एका विषयात तरी आपल्याला कोणी खोटं पाडणार नाही, असा माझा गोड समज होता.

विचारणारी होती माझी धाकटी बहीण एर्सिलिया. नवरा गेल्यावर ती पोत्सुओलीतल्या आमच्या जुन्या घरी परत आली आणि माझ्यासाठी रांधू लागली. तिच्या हातचे चीज घालून भाजलेले वांग्याचे थर खाऊन आमचे पाद्रीबाबा एकदा प्रवचन विसरले होते. मी मात्र ताटाशेजारी पुस्तक उघडून जेवणारा माणूस. “तुझ्यासाठी रांधणं आणि कपाटासाठी रांधणं सारखंच,” ती म्हणायची. “कपाट निदान जेवताना वाचत तरी नाही.”

तिला तळघरात खानावळ काढायची होती. मोजकी टेबलं, एकच भाजी, एकच मासा, घरची वाइन. बाकी तिची काही मागणी नव्हती. मरायच्या आधी मान वर करून जेवणारी माणसं बघायची आहेत, असं तिनं मला शांतपणे सांगितलं, आणि त्या शांतपणामुळेच मला नाही म्हणता येईना.

पण आमच्या गावात तळघराला हात लावायचा म्हणजे आधी पुरातत्त्व खात्याची परवानगी हवी. इथे कुठंही कुदळ मारली की खालून रोमन निघतात. कुठं हमामखाना, कुठं रंगवलेली भिंत, कुठं समुद्राखाली अख्खा वाडा. पेपरात त्या बातम्या वाचून जग हरखून जातं. आमच्या गल्लीत लोक छातीवर क्रूस काढतात. कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या बेसिनखाली डॉल्फिनचं रंगीत फरसबंदी चित्र सापडलं. आता त्याच्या दुकानात विद्वान माणसं दाढीच्या ब्रशानं डॉल्फिन झाडत बसलेली असतात, आणि तो बिचारा आईच्या गॅलरीत लोकांचे केस कापतो.

“आपल्याकडे काही नाही ना रे?” एर्सिलियानं विचारलं.

मी तळघर डोळ्यांखालून घातलं. भिंती आजोबांनी बांधलेल्या, फरशी वडिलांनी घातलेली. कोपऱ्यात जमिनीत एका मातीच्या नळाचं भोक होतं, मूठ जाईल एवढं. त्याला आम्ही घरात ‘तोंड’ म्हणत असू. पिंपं धुतलेलं पाणी, बाटलीच्या तळाची वाइन, उरलंसुरलं सूप, सगळं लहानपणापासून आम्ही त्या तोंडात ओतत आलो होतो. ते कधी तुंबलं नाही, कधी भरलं नाही. जुनं गटार, दुसरं काय?

“काही नाही,” मी म्हणालो. वर आपण होऊन सल्लाही दिला, की खानावळीत उघडं गटार बरं दिसणार नाही, तेव्हा ते बुजवून टाकावं.

गवंडी गाएतानो आमचा दूरचा मावसभाऊ. त्यानं सिमेंटचा जाड बोळा भोकात ठोकून बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळी बोळा बाहेर होता. फुटून उडालेला नव्हे, बाजूला ठेवलेला. जेवायला बसताना आपण टोपी काढून ठेवतो तसा.

गाएतानोला वाटलं, कमी पैशांत काम करून घेतलं म्हणून मीच त्याची खोडी काढतोय. मला वाटलं, एर्सिलियानं उरलेलं सूप ओतण्यासाठी तो काढला, कारण सवय ही सवय. आणि एर्सिलियाला काय वाटलं ते तिनं सांगितलंच नाही. आमच्याकडे घरात वावरणारा एक बुटका जोगी असतो असं मानतात. त्याच्याविषयी कुणी बोललं की तो रुसतो आणि घराची बरकत घेऊन जातो. त्यामुळे ती माझ्याकडे नुसती डोळे मोठे करून बघायची, ओठांवर बोट ठेवायची आणि तळघरात बशीभर मॅकरोनी नेऊन ठेवायची. बशी रोज चाटूनपुसून लख्ख व्हायची. ती मॅकरोनी गाएतानो संपवत होता हे पुढे कळलं. आधी कळतं तर मला फार धीर आला असता.

बोळा आणखी जाड झाला, आणखी खोल बसला, आणि पुन्हा पुन्हा बाहेर येत राहिला. शेवटी मी स्वतः पाळत ठेवायचं ठरवलं. एक जाड ग्रंथ घेऊन दुपारच्या जेवणानंतर तळघरात खुर्ची टाकून बसलो. आमच्याकडे ही वेळ वाईट. सगळं गाव दारं लावून झोपलेलं असतं, रस्त्यावर माणसाची सावलीसुद्धा नसते, आणि जे फिरतात ते माणसं नव्हेत असं आमची आई सांगायची. मी ते मानत नाही. पण खुर्ची जिन्याजवळ ठेवली होती.

पहिल्यांदा नुसती शांतता होती. मग तिच्यात कुणीतरी श्वास घेतला.

माझ्या मांडीवरचा ग्रंथ घसरला, पण खाली पडल्याचा आवाज मला ऐकू आला नाही, कारण मी बोळ्याकडे बघत होतो. तापत्या दुधावरची साय उचलली जाते तसा तो हळूहळू वर आला, काठावर क्षणभर थांबला आणि फरशीवर कलला. आत काळोख होता. त्या काळोखातून गार हवा आली आणि तिला आमच्याच वाइनचा वास होता.

आमची जमीन ज्वालामुखीची आहे, ती खालून फुगते, तिच्यातून वायू येतात, हे मला ठाऊक आहे. मी ते स्वतःला मोठ्यानं सांगितलं. आणि सांगता सांगता एकदम मला माझाच फळा दिसला. दर फेब्रुवारीत, मेलेल्यांच्या रोमन सणाच्या दिवसांत, मी मुलांना फळ्यावर चित्र काढून दाखवत असे. खाली कबर, कबरीत अस्थींचा कलश, आणि तिथून वर जमिनीपर्यंत आलेला मातीचा नळ. घरचे लोक या नळातून मृताला वाइन पाजत असत, मुलांनो, पाठ करा. मुलं पाठ करायची. मी खडू झटकून घरी यायचो आणि कॉफीचा गाळ तळघरातल्या तोंडात ओतायचो.

आमच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या एका माणसाला खरकटं पाजलं होतं. आणि आता मी त्याच्या तोंडात सिमेंट कोंबत होतो.

मी वर जाऊन एर्सिलियाला सगळं सांगितलं. बुटका जोगी नाही म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. मी म्हणालो, हे खात्याला सांगायला हवं. तिनं हातातली सुरी खाली ठेवली.

“सांगितलंस की खानावळ संपली. तो इतकी वर्षं तिथे आहे, कधी तक्रार केली त्यानं? शेजारी आहे तो. शेजाऱ्याची कुणी चहाडी करतं?”

“खोटं बोलायचं मला जमत नाही, एर्सिलिया.”

“मग बोलूच नकोस. ते तर तुला जन्मापासून जमतं.”

खात्याच्या डॉक्टर ओर्नेला भर दुपारी तपासणीला आल्या. नळाच्या त्या तोंडावर आम्ही वाइनचं भरलेलं पिंप उभं केलं होतं. एर्सिलियानं आधी त्यांना जेवायला बसवलं. वांग्याचे थर त्यांनी मागून मागून खाल्ले, आणि खाताना त्यांची मान इतकी वर होती की एर्सिलियाच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्या तळघरात उतरल्या, भिंतींवरून टॉर्च फिरवला, फरशीवर टाच आपटून बघितली आणि हसून म्हणाल्या की इथे हरकत घेण्यासारखं काहीच दिसत नाही. एर्सिलियानं माझा हात गच्च धरला.

तेवढ्यात जमीन हलली. फार नव्हे, आमच्याकडे रोज हलते तेवढीच. पण पिंपाखालून एक आवाज सुरू झाला.

गट. गट. गट.

घाई नव्हती त्या आवाजाला. उन्हातून आलेला माणूस भांडं तोंडाला लावतो आणि खाली ठेवत नाही, तसं ते चाललं होतं. पिंपाचा तळ फुटला असणार, हे मला समजत होतं. पण फरशीवर एक थेंब नव्हता. आम्ही तिघं तिथे खिळून उभे राहिलो. बऱ्याच वेळानं पिंप पोकळ वाजलं, आवाज थांबला, आणि जमिनीखालून एक लांब, तृप्त उसासा आला.

डॉक्टरबाई पिंपाकडे वळल्या. “हा आवाज कसला?”

“नळाचा,” एर्सिलिया म्हणाली.

मी गप्प होतो. अगदी गप्प. डॉक्टरबाईंनी पिंप कलतं करून खाली टॉर्च मारला आणि म्हणाल्या, “जुनं रोमन गटार दिसतंय. त्याची आमच्याकडे काही मातब्बरी नाही. बुजवून टाका आणि खुशाल खानावळ काढा.”

वाचकहो, इथे मी नुसतं उभं राहायचं होतं. तेवढंच. पण चुकीचं उत्तर ऐकून गप्प बसणं मला वर्गात कधी जमलं नाही.

“गटार नव्हे, बाईसाहेब,” मी म्हणालो, आणि पुढे फेब्रुवारीचा अख्खा धडा म्हणून दाखवला. चित्रसुद्धा काढलं, पिंपावर, गाएतानोच्या खडूनं.

एर्सिलिया माझ्याशी त्यानंतर थेट द्राक्षं काढायच्या दिवसांत बोलली.

तोवर खात्याची माणसं येऊन तळघर उपसून गेली होती. खाली छोटी कबर होती, कलश होता, दगडावर वितालिस असं नाव कोरलेलं होतं. कलश संग्रहालयात गेला आणि नळावर पोलादी झाकण बसलं. जाताना डॉक्टरबाईंनी मला एकट्याला बाजूला घेतलं. कबर कोरडी होती, त्या म्हणाल्या. आमच्या पिढ्यांची वाइन, शिवाय ते अख्खं पिंप, आणि खालची धूळ फुंकर मारली तर उडावी अशी. बाजूनं निघून जायला एक भेगसुद्धा नव्हती. “मग ते सगळं जातं कुठे, प्रोफेसर?” त्यांनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलासारखा बुटांकडे बघत राहिलो.

खानावळ मात्र झाली. तळघरात नाही, अंगणात. अंगणाखाली नुसता खडक आहे, त्याला खात्याची हरकत नव्हती. पहिले गिऱ्हाईक ती खोदणारी माणसंच. त्यांनी जाऊन दुसऱ्यांना सांगितलं, आणि आता रविवारी बसायला जागा मिळत नाही. सगळे मान वर करून जेवतात. एर्सिलिया स्वयंपाकघराच्या दारातून बघत राहते. तिला मी इतकी देखणी कधी पाहिली नव्हती.

टेबलं आवरायचं काम माझ्याकडे आहे. पहिल्याच रविवारी माझ्या लक्षात आलं. एक जर्मन जोडपं अर्धे भरलेले पेले टाकून उठलं. मी बशा उचलायला वळलो आणि परत बघितलं, तर दोन्ही पेले रिकामे. नुसते रिकामे नव्हेत, कोरडे. पलीकडचं टेबल तसंच. त्याच्या पलीकडचंही. आता रोज तसंच होतं. मी पाठ वळवतो, गार हवेची एक झुळूक येते, आणि पेले कोरडे.

एर्सिलियानंही ते पाहिलं. एकदा तिनं मला कोपऱ्यात ओढलं. “खरं सांग, हे कोण पितं? तो तळघरातलाच असेल तर मी उद्या हे सगळं बंद करते. मेलेल्यांच्या पंक्तीत लोकांना जेवायला बसवणार नाही मी.”

मी अंगणाकडे बघितलं. सगळी टेबलं भरलेली होती.

“मीच पितो,” मी म्हणालो.

आता गल्लीत सगळ्यांना ठाऊक झालं आहे, की प्रोफेसर म्हातारपणी बिघडले आणि गिऱ्हाइकांची उष्टी वाइन पितात. न्हावी मला बघून हळहळतो. गाएतानो पाठीवर थाप मारून म्हणतो, अरे, मागितली असतीस तर दिली असती. काल तर पाद्रीबाबा मुद्दाम येऊन माझ्याजवळ बसले आणि हात हातात घेऊन बराच वेळ समजावत राहिले. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. काय सांगणार? मला वाइनचा घोट चालत नाही. लगेच पित्त होतं.