पाचवा फर्मा

बाइंडरकाकांना चूक कळली तेव्हा वकीलसाहेबांच्या पुस्तकाच्या पाचशे प्रती केव्हाच दुकानांत पोचल्या होत्या. उरलेली एक प्रत काका सहज चाळत होते. चौसष्टाव्या पानापर्यंत वकीलसाहेब साम्यवादाला झोडपत होते आणि पासष्टाव्या पानावर एकदम साम्यवादाची बाजू इतक्या पोटतिडकीने मांडायला लागले, की काकांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. सोळा पानांनंतर झोडपणं परत सुरू.

काकांना आठवलं. त्याच आठवड्यात युनियनवाल्या कॉम्रेडचं पुस्तक बांधायला आलं होतं. आकार तोच, टाइप तोच, प्रतीही तेवढ्याच. दोन्हींचे फर्मे, म्हणजे छापून घडी घातलेले सोळा-सोळा पानांचे जुडगे, एकाच टेबलावर रचले होते. या छापखान्यात फर्म्यावर नुसता आकडा टाकायची पद्धत. पुस्तकाचं नाव कोण टाकत बसतो? पाच नंबरचे गठ्ठे इकडचे तिकडे झाले, एवढंच.

एवढंच म्हणायला काय जातं? मागच्या महिन्यात एका पुस्तकाचं कव्हर उलटं चिकटलं, तेव्हा मालकीणबाईंनी बजावलं होतं, "काका, आता आणखी एक चूक झाली तर उद्यापासून येऊ नका." या वयात दुसरीकडे कोण ठेवून घेणार होतं त्यांना?

"गप्प बसा," घरी बायको म्हणाली. "असली पुस्तकं पासष्टाव्या पानापर्यंत वाचतंय कोण?"

कॉम्रेडच्या बाबतीत तिचं खरं ठरलं. तिकडून हूं नाही की चूं नाही. पण चौथ्या दिवशी वकीलसाहेब वर्तमानपत्र घेऊन थेट बाइंडिंगच्या खोलीत आले. काकांनी हातातलं खळीचं भांडं खाली ठेवलं.

"परीक्षण आलंय," वकीलसाहेब म्हणाले. "माझ्या आधीच्या चारही पुस्तकांवर या समीक्षकानं लिहिलं होतं, लेखक स्वतःच बुजगावणं उभं करतो आणि त्यालाच बडवतो. आता ऐका. 'साम्यवादाविरुद्धच्या पुस्तकात विरोधकाची बाजू इतक्या सचोटीनं मांडलेली प्रथमच वाचली. मधली सोळा पानं अप्रतिम.'"

"अभिनंदन," काका कसेबसे म्हणाले.

"कसलं अभिनंदन, अहो? ती पानं मी चारदा वाचली. लिहिल्याचं आठवतच नाही. बायको म्हणते, वय झालं. खरं सांगा, माझं डोकं फिरलंय का?"

आपल्यापायी हा भला माणूस स्वतःला खुळा समजतोय, हे काकांना बघवेना. त्यांनी सगळं सांगून टाकलं.

वकीलसाहेब स्टुलावर बसले.

"म्हणजे ती पानं त्याची," ते म्हणाले. "तरीच. त्यातल्या एकाही मुद्द्याला माझ्या पुस्तकात उत्तर नाही."

"साहेब, बाईंना सांगू नका. नोकरी जाईल माझी."

"नाही सांगत. पण एका अटीवर. याच विषयावरचं माझं पुढचं पुस्तक दोन महिन्यांत येतंय. ते बांधताना शेजारी कॉम्रेडचंच काहीतरी ठेवा."

"आणि?"

"आणि पाचव्या फर्म्याचं तुम्ही बघून घ्या. जमलं तर सातव्याचंही. नाही जमलं, तर मग मला बाईंशी बोलावं लागेल."

वकीलसाहेब शीळ घालत जिना उतरले. काका खळ ढवळत राहिले. चूक केली तर बाई काढणार होत्या आणि काम चोख केलं तर वकीलसाहेब काढायला लावणार होते.