देवांच्या पाकिटांवर शेरा नव्हता

लालबागला माझं भांड्यांचं दुकान आहे. तीस वर्षांत एवढंच शिकलो, की पातेलं टिचकी मारून घ्यावं. चांगलं पातेलं खणखणतं, चिरलेलं भद्द बोलतं. शिक्षण दहावी (दोन प्रयत्नांत), पण कॉम्प्युटर माझा मीच शिकलो, तोही फुकटच्या सॉफ्टवेअरवर. त्यामुळे पुतणी नूपुर म्हणाली, "काका, हे सॉफ्टवेअर जगभरची माणसं मिळून बनवतात. नवी आवृत्ती यायच्या आधी आपण ती वापरून बघायची आणि काय मोडलंय ते त्यांना कळवायचं. कराल?" तेव्हा मी लगेच हो म्हणालो. बायकोला न विचारता घेतलेला आयुष्यातला एकमेव निर्णय. आता कळतंय, एकमेव का ते.

"काल नीट चालणारी गोष्ट आज नव्या दुरुस्तीने बिघडते, त्याला रिग्रेशन म्हणतात," नूपुर म्हणाली.

"म्हणजे माझा गुडघा. ऑपरेशननंतरचा."

"हो, तसंच! पण खऱ्या कामावर वापरू नका हं. एक खोटी यादी करा."

खोटी यादी! खोट्या पातेल्यावर टिचकी मारून काय कळणार? घरात आमच्या आकांक्षाचं लग्न तोंडावर आलेलं, आणि कॉम्प्युटरवर आमंत्रणांची खरीखुरी यादी तयार. दोनशे चौदा नावं, पत्ते, आणि कडेला एक लपवलेला रकाना. त्यात माझ्या पत्नीने, मृणालिनीने, कोणाला कसं सांभाळायचं याचे शेरे लिहून ठेवले होते. जुन्या आवृत्तीत लपवलेलं लपून राहायचं. मी पाकिटांवर चिकटवायच्या पत्त्यांच्या पट्ट्या नव्या आवृत्तीतून छापल्या.

तपासल्या नाहीत असं नाही. माल आला की राशीतली वरची पाच भांडी वाजवायची, ही आमची रीत. वरच्या पाच पट्ट्या मी चष्मा पुसून वाचल्या. पण लग्नाची पहिली आमंत्रणं देवांना. गणपती, कुलस्वामिनी, रवळनाथ, सातेरी, वेतोबा. आणि देवांबद्दल मृणालिनीचं काहीच म्हणणं नव्हतं.

बाकीच्या पट्ट्या दुकानातल्या सीतारामने चिकटवल्या आणि कुरियरला दिल्या. तिसऱ्या दिवशी आत्याचा फोन.

"जयवंता, माझ्या नावाखाली 'आधी वाढावं, नाहीतर रुसतात' असं का छापलंय रे?"

मी फोन तसाच धरून ओरडलो, "सीताराम, तू वाचलं नाहीस?"

"वाचलंय, शेठ. माका वाटला, तुमच्यात असाच लिवतत."

मग रीघ लागली. डिलाईल रोडच्या मामांच्या नावाखाली 'माइक देऊ नये'. वडाळ्याच्या साडूंच्या 'गाण्याचा आग्रह नको, खरंच गातात'. दुपारपर्यंत अकरा जण रुसले, त्यातले तिघे कायमचे. आणि मग आकांक्षाने हळूच विचारलं, "आई, माझ्या सासूबाईंच्या नावापुढे काय होतं?"

मृणालिनी खाली बसली. "'फार बोलतात. पंख्याखाली बसवावं.'"

"मोडलं," आकांक्षा म्हणाली आणि रडायला लागली. पोरीचं लग्न बापाने एका टिचकीत मोडलं! त्या रात्री मला घास गेला नाही. (मृणालिनीने वाढलाही नव्हता.)

दुसऱ्या दिवशी सकाळी विहीणबाई, मायाताई, दुकानात आल्या. पाकीट गल्ल्यावर ठेवलं. "जयवंतराव, मी फार बोलते?"

"छे छे!" मी म्हणालो.

त्यानंतर त्या सव्वा तास बोलल्या. तेवढ्यात सीताराम एक कुकर विकून, गिऱ्हाइकाला टॅक्सीत बसवून, चहा पिऊन परत आला.

"मुलीत काही खोट नाही. लग्न होईल," त्या शेवटी म्हणाल्या. "पण तुमच्या नावापुढे काय लिहिलंय, ते मला बघायचंय."

जेवणाची पानं मोजायला म्हणून घरचेही यादीत होते, दुकानाच्या पत्त्यावर. सीतारामने न सांगता सकाळच्या कुरियरमधलं पाकीट पुढे केलं. विहीणबाईंनी मोठ्याने वाचलं, "'विचाराल त्याला हो म्हणतात. हातात काम देऊ नये.'"

त्या इतक्या हसल्या, की पंखा वाढवावा लागला.

लग्न वाचलं. मी रीतसर चूक कळवली. सॉफ्टवेअरवाल्यांनी नमुना मागितला, कोणाची खासगी गोष्ट फुटणार नाही असा. उरली होती एकच पट्टी, माझी. ती पाठवली.

महिन्याने नूपुर नाचत आली. "काका, चूक दुरुस्त झाली! आणि पुन्हा होऊ नये म्हणून तुमची पट्टी कायमची चाचणीत घातलीय. प्रत्येक नवी आवृत्ती आधी ती छापून बघणार, खालची ओळ लपते की नाही. त्या ओळीचा अर्थ सगळ्यांनी विचारला, मी सांगितला."

मी मृणालिनीकडे वळलो. "अगं, जगभर गेलं! आता तरी तो शेरा काढ."

"आता कसा काढू? चाचणी मोडेल ना," ती म्हणाली. "पटतंय ना तुम्हाला?"

मी हो म्हणालो.