तीन बैठकांची परंपरा

बाळांनो, एका जंगलात तोफ होती, पण शत्रू उरला नव्हता. तोफ आणली होती सातासमुद्रापारच्या गोऱ्या साहेबांनी. साहेब बोटीत बसून परत गेले. मागे राहिली तोफखान्याची जनावरांची पलटण, आणि साहेबांनाही लाजवील अशी तिची शिस्त.

दरवर्षी विजयदिनी हैबती खेचर तोफेची नळी पाठीवर घेऊन टेकडी चढे. अर्ध्या चढावर तो तीनदा खाली बसे. तो बसला की सगळी पलटण शेपट्या ताठ करून सलामी देई. पूर्वी लढाईत हैबतीच्या पणजोबांनी असंच तीनदा बसून शत्रूचे गोळे चुकवले होते म्हणे. खेचरांना मुलंबाळं होत नाहीत, हा विषय पलटणीत कोणी काढत नसे.

शंभराव्या विजयदिनासाठी सुभेदार अस्वलाने इतिहास लिहायचं काम हैबतीवर सोपवलं. त्याचा अधिकार काय, तर पाठ. तुमच्या या गोष्ट सांगणाऱ्याचा तेवढाही नाही.

हैबतीने साहेबांची जुनी पेटी उघडली. आत रोजनिशी होती. तीत लिहिलं होतं, "खेचर चढावर तीन वेळा बसलं. तोफ वर पोचेपर्यंत शत्रू जेवायला घरी निघून गेला."

हैबतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मभर आपण एका खेचराच्या आळसाची सलामी घेत आलो. गप्प राहावं तर मन खाई, बोलावं तर मान जाई. शेवटी त्याने ठरवलं, खरं ते सांगायचं आणि ही उठबस एकदाची बंद करायची.

विजयदिनी त्याने ते पान सगळ्यांपुढे वाचलं. वानर गोलंदाज एकमेकांकडे पाहू लागले. सुभेदाराने डोळे पुसले.

"म्हणजे आपण एकही गोळा न उडवता जिंकलो," तो म्हणाला. "पणजोबांना आपण उगाच कमी लेखत होतो. पुढे काय लिहिलंय?"

पुढचं पान हैबतीने उलटलंच नव्हतं. शरमेच्या भरात राहून गेलं होतं. सुभेदाराने ते स्वतः उलटलं आणि मोठ्याने वाचलं, "दर बैठकीला खेचरास बारा फटके दिले."

शंभर वर्षं आपण परंपरा अर्धीच पाळली, याची सगळ्यांना मनापासून लाज वाटली.

"हैबती, तुझे उपकार कसे फेडू?" सुभेदार म्हणाला, आणि त्याने चाबूक आणायला वानर धाडलं.

त्या दिवशी छत्तीस फटके झाले. प्रत्येक फटक्याला सलामी मिळाली.

तात्पर्य: खरा इतिहास जरूर शोधावा, पण पाठ आपली असेल, तर दंतकथेवरच भागवावं.