सगळ्यात स्वस्त लस

काकांना न्यूमोनिया झाल्यापासून अश्लेषाने धसकाच घेतला होता. वडिलांना न्यूमोनियाची लस द्यायचीच, असं तिने ठरवून टाकलं. वडील, म्हणजे रावसाहेब, लातूरहून दोन महिन्यांसाठी तिच्याकडे सिंगापुरात, आंग मो किओला आले होते. जावयाच्या कंपनीच्या विम्यात सासऱ्यांचं नाव नसल्यामुळे पैसे खिशातून जाणार होते आणि खिसा जावयाचा, म्हणजे प्रबोधचा होता.

"कुठेही घेऊन जा, पण घेऊन जा," अश्लेषा म्हणाली.

"चार ठिकाणी विचारू तरी," प्रबोध म्हणाला.

"बरोबर आहे त्यांचं," रावसाहेब लगेच म्हणाले. "उगाच पैसे का घालवायचे?"

सासऱ्यांनी आपली बाजू घ्यावी, हे लग्नानंतर पहिल्यांदाच घडत होतं. प्रबोधला हुरूप आला. वन-नॉर्थ भागातल्या आपल्या ऑफिसात बसून त्याने हॉस्पिटलांना फोन लावले. एकीकडे लस स्वस्त होती, पण डॉक्टरांची फी वेगळी. दुसरीकडे फी धरलेली, पण टॅक्स धरलेला नव्हता. तिसरीकडे सगळं धरून आकडा सांगितला, तेव्हा प्रबोधने खुर्ची धरली.

रोज संध्याकाळी तो अहवाल द्यायचा आणि रावसाहेब चष्मा पुसत त्यात खोट काढायचे.

"सेरंगूनला नाही विचारलंत? तिकडे वस्ती मोठी, दवाखानेही जास्त असतील."

प्रबोध अर्धी रजा टाकून सेरंगूनला गेला. तिथली लस संपली होती.

"पुढच्या आठवड्यात येईल म्हणे," त्याने सांगितलं.

"मग थांबू की. घाई कसली आहे?"

असं करता करता रावसाहेबांच्या परतीचा दिवस जवळ आला. अश्लेषा एवढंच म्हणाली, "उद्या लस झाली नाही, तर दोघांनी खाली हॉकर सेंटरच्या खाण्याच्या गाड्यांवरच जेवायचं. आयुष्यभर."

दुसऱ्या दिवशी दोघे ऑफिसजवळच्या एका क्लिनिकमध्ये जाऊन बसले. नर्सने नाव पुकारलं. रावसाहेब हलेनात.

"प्रबोधराव, हिला विचारा, याहून स्वस्त कुठे मिळेल."

प्रबोधने विचारलं. नर्स हसली. "दिस वन चीपेस्ट ऑलरेडी लाह, अंकल."

रावसाहेब कसेबसे आतल्या खुर्चीत बसले आणि त्यांनी जावयाचा हात घट्ट धरला. 

"एक सांगू का," ते हळूच म्हणाले, "मला सुईची भीती वाटते. शाळेत लस टोचायला आले की मी भिंतीवरून उडी टाकून पळायचो. अश्लेषाला सांगू नका."

प्रबोधला आपले सगळे फोन आठवले, अर्धी रजा आठवली. रागवावं असं मनात आलं, पण म्हाताऱ्याचा चेहरा बघून तो विरघळला.

"तिकडे बघूच नका, मामा. माझ्याकडे बघा."

रावसाहेबांनी जावयाकडे बघितलं. जावयाने सुईकडे बघितलं.

प्रबोध शुद्धीवर आला, तेव्हा तो बाकावर आडवा होता आणि नर्स त्याला वारा घालत होती. शेजारी रावसाहेब दंडावर कापूस दाबून लेकीशी फोनवर बोलत होते.

"माझं झालं गं. मुंगी चावल्यासारखं वाटलं, बस. पण प्रबोधराव सुईला फार भितात. म्हणूनच बहुतेक इतके दिवस किमती विचारत बसले होते. तू काही बोलू नकोस त्यांना."