अकरा शिट्ट्यांची मोटार

मोटारीविषयी घरात अवाक्षरही काढायचे नाही, असा दंडक अप्पांनी घातला, त्याला कारण तसेच घडले होते. पत्नीच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला आठ महिने लोटले होते. बसच्या पायऱ्या तिला चढवत नव्हत्या, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या सख्ख्या बहिणीचे दर्शन दुर्लभ झाले होते. तेव्हा एक साधी, उपयोगाची, जुनी मोटार घ्यावी यावर चौघांचे एकमत झाले, आणि मतैक्य तेवढ्यावरच संपले.

"गाडी दणकट हवी," मुलगा म्हणे.

"दणकटपणा काय चाटायचाय? डिकी मोठी हवी," सून म्हणे.

"मला नुसतं बसता-उठता आलं पाहिजे," पत्नी म्हणे. पण जिच्यासाठी गाडी घ्यायची, तिचेच मत कोण ऐकतो?

त्यात बाजार असा तापलेला, की जुन्या गाडीला नव्याचा भाव आणि नव्या गाडीसाठी वर्षभराची रांग. "अजून थांबलो तर एकेक चाक सुटं घ्यावं लागेल," असे मुलगा म्हणाला, त्यावर सून काही बोलली, आणि जेवण राहिले बाजूला. अखेर अप्पांनी वाटी ताटावर वाजवली.

"पुरे. मी बघेन, मी मोजेन, तीन दिवस विचार करीन, मग सांगेन. तोवर या घरात मोटारीचं नाव काढायचं नाही."

अप्पा वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. उभी हयात दुसऱ्यांचे तराजू तपासण्यात गेल्यामुळे स्वतःच्या मनाचा काटा स्थिर व्हायला त्यांना तीन दिवस लागत. पत्नी ज्या खुर्चीवरून हात न टेकता उठे, तिची उंची त्यांनी आधीच मोजली होती: एकवीस इंच. हा आकडा मनात आणि टेप खिशात घेऊन ते गाड्या पाहत हिंडले. सोमवारी एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या अंगणात त्यांना एक पांढरी मोटार दिसली. सांगितलेली किंमत तीन लाख. आसनाची उंची बरोबर एकवीस. अप्पांच्या काळजात आनंदाची लहर उठली, परंतु मुखावर तिची रेषाही उमटू न देता ते म्हणाले, "गुरुवारी कळवतो."

घरी येऊन त्यांनी वहीत बाईंचा दूरध्वनी क्रमांक लिहिला, खाली 'एकवीस' लिहून त्याला दोनदा अधोरेखित केले आणि वही टेबलावर ठेवून ते हातपाय धुवायला गेले. तेवढ्या अवधीत ती वही तिघांनी तीन वेळा पाहिली. अप्पांनी एकाच अंकाला दोन रेघा दिल्या, म्हणजे गाडी पसंत. आणि गुरुवारपर्यंत ती राहत नाही, हेही तिघांना स्वतंत्रपणे उमगले. बोलायची मात्र चोरी.

मुलगा फोन घेऊन गच्चीवर गेला. "गाडी आहे का अजून?"

"आहे. टेप घेऊन एक गृहस्थ येऊन गेले. गुरुवारी सांगतो म्हणाले, पण मी काही शब्द दिलेला नाही," बाई म्हणाल्या.

"मी दहा हजार जास्त देतो. माझ्यासाठी ठेवा."

पाच मिनिटांनी सुनेने न्हाणीघरातून नळ सोडून विचारणा केली. बाई सत्यवचनी, दहा हजार वर देणारा कुणी तरुण आहे, हे त्यांनी सांगून टाकले. सुनेने वीस दिले. मग पत्नीने ओट्याशी उभे राहून, साठवलेले पैसे मनातल्या मनात मोजून तीस दिले. कुकरला चार शिट्ट्या ठरलेल्या असत. त्या संध्याकाळी तो थांबेना, कारण गॅस बंद करणारीचे चित्त मोटारीत बसले होते.

शेवटी बाईंनी अप्पांनाच फोन केला. "तुम्ही पहिले, म्हणून सांगते. तीन लाख तीसपर्यंत गेलीये."

"एका संध्याकाळात?" अप्पांचे कान तापले. "बाजाराला काही ताळतंत्र आहे की नाही? कोण हे लोक?" आणि ज्यांनी जन्मात कधी तीन दिवसांच्या आत निर्णय घेतला नव्हता, ते अप्पा उद्गारले, "साडेतीन लाख. आत्ता."

याच वेळी स्वयंपाकघरात अकरावी शिट्टी झाली. ती फोनमधून पलीकडे स्पष्ट ऐकू गेली.

"उद्या पाचला या," बाई म्हणाल्या. "सगळ्यांनाच बोलावते."

दुसऱ्या दिवशी मुलगा मित्राकडे, सून शिंपिणीकडे, पत्नी व्यायामाला आणि अप्पा ग्रंथालयात जायला म्हणून निघाले. पाच वाजता चौघेही मुख्याध्यापिकाबाईंच्या फाटकाशी एकमेकांसमोर उभे ठाकले. रिक्षातून कण्हत उतरलेल्या पत्नीने विचारले, "अहो, ग्रंथालय इकडे हलवलं का?"

"तू व्यायामाला गेली होतीस ना?"

"हाच माझा व्यायाम."

बाई पायरीवर आल्या. "या, या. पहिला फोन आला तेव्हा मागे कुकरची शिट्टी झाली. पाण्याच्या आवाजातल्या बाईंच्या मागे तीच शिट्टी, या ताईंच्या फोनला तीच, आणि तुमच्या तोंडून साडेतीन लाख निघाले तेव्हाही तीच. चाळीस वर्षं मागच्या बाकावरचे कारभार पकडलेत मी. एवढ्या शिट्ट्यांनी जेवणाचं काय झालं?"

"भाताची खळ झाली," सून पुटपुटली.

"गाडीची किंमत तीन लाखच आहे. घरातल्या घरात लिलाव लावणाऱ्यांकडून मी वरचे पैसे घेणार नाही. चावी घ्या."

आता अप्पांनी हात पुढे करायचा तेवढा अवकाश होता. परंतु भाव उतरताच त्यांच्यातला निरीक्षक जागा झाला. त्यांनी खिशातून टेप काढली. "तशी घाई नाही. गुरुवारपर्यंत..."

"अप्पा!" मुलगा आणि सून एकदम म्हणाले. त्या महिन्यात त्या दोघांचे प्रथमच एकमत झाले होते.

"चाचणी पुरी झालेली नाही," अप्पा शांतपणे म्हणाले. "नुसती उंची मोजून काय होतं? बसून बघायला नको?"

पण पत्नी केव्हाच बसली होती. पुढच्या आसनावर, हात न टेकता, पदर सावरून, काच निम्मी खाली करून. मांडीवर पाकीट होते आणि आठ महिन्यांत न पाहिलेले तेज मुद्रेवर होते.

"वा," अप्पा म्हणाले. "बसणं जमलं. आता उतरून दाखव. तेही नोंदवायला हवं."

"उतरेन की," ती समोरच्या रस्त्याकडे पाहत म्हणाली. "बहिणीच्या दारात."