फिनेलची शेवटची बाटली

रविवारी सकाळी जावयाचा फोन आला. आवाज इतका खाली, की पेंटरांना वाटलं हा न्हाणीघरातून बोलतोय. तो खरोखरच न्हाणीघरातून बोलत होता.

"बाबा, ती निघतेय. गोणी घेतलीय सोबत."

"केवढी?"

"मोठी."

"अडवलं नाहीत?"

"मी?" जावयाने इतक्या आश्चर्याने विचारलं, की पेंटरांनी पुढे काही न बोलता फोन ठेवला आणि बाह्या सारल्या.

लेकीला मूल झाल्यापासून तिने विषांचा ध्यास घेतला होता. चोरांचं, राजकारण्यांचं तिला काही वाटत नव्हतं. तिचे शत्रू मोरीत राहत. आधी तिने स्वतःचं घर धुऊन काढलं. डासांचा फवारा गेला, कपाटातल्या डांबराच्या गोळ्या गेल्या, संडासातलं अ‍ॅसिड गेलं, खोलीत फुस्स करून मारायचं अत्तर गेलं. आता पाळी बापाच्या घराची होती. ती कामावर परत रुजू होणार होती आणि दिवसभर नात आजोबांकडे राहणार होती. पण अट होती.

"ती रांगते, बाबा. समोर दिसेल त्याला आधी हात लावते, मग तोंड लावते. तुमच्या घरात तोंड लावण्यासारखं काय आहे सांगा."

"मी आहे."

"थट्टा नकोय. घर साफ नसेल तर पोर येणार नाही."

पेंटरांना नात हवी होती. बायको गेल्यापासून घरात दिवसभर फक्त फ्रिज बोलायचा, आणि तोही मधूनमधून गप्प बसायचा. नातीसाठी ते फवारा द्यायला तयार होते, गोळ्या द्यायला तयार होते, गॅलरीतले थिनरचे डबेसुद्धा जड मनाने द्यायला तयार होते. एक वस्तू मात्र ते देणार नव्हते.

मोरीत फिनेलची एक तपकिरी बाटली होती. बायकोने आणून ठेवलेली शेवटची. ती गेली तेव्हा बाटली जवळजवळ भरलेली होती. पेंटर रोज सकाळी त्यातलं टोपणभर बादलीत टाकायचे आणि शेगडीसमोरचा तेवढा तुकडा पुसायचे, जिथे ती उभी राहायची. बाकीचं घर नुसत्या पाण्यावर. टोपणभर म्हणजेही अर्धंच. तरी बाटली उतरतच होती.

हे लेकीला सांगता आलं असतं. पण पेंटर असलं काही सांगणाऱ्यांतले नव्हते.

"माझं घर, माझी मोरी, माझी बाटली," ते मोरीसमोर उकिडवे बसून म्हणाले. "बघू कोण नेतं."

लेक लेबल वाचते, हे त्यांना ठाऊक होतं. ती दुकानात बिस्किटाचा पुडा असा वाचायची, की मागे रांग लागायची. म्हणजे लढाई लेबलाशी होती. पेंटरांनी उभं आयुष्य गॅरेजात गाड्यांना रंग मारण्यात घालवलं होतं. ठोकलेली गाडी अशी करून द्यायचे की मालकाने स्वतःची गाडी ओळखू नये. त्यांना एका बाटलीचं काय?

लिंबाच्या सरबताची एक रिकामी बाटली ओट्याच्या कोपऱ्यात होती. ती विसळून त्यांनी फिनेल तिच्यात ओतलं. काचेतून ते फिकट पिवळं दिसलं. फिनेल इतकं पिवळं असतं का, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला. मग त्यांनीच उत्तर दिलं : जुना माल, रंग उतरणारच. रंगाच्या बाबतीत त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. वास घेऊन बघण्याचा प्रश्नच नव्हता. थिनरने त्यांचं नाक कधीच खाऊन टाकलं होतं. गुलाब आणि गटार त्यांना एकाच भावात मिळत होते.

सरबताची बाटली त्यांनी फ्रिजमध्ये, दुधाशेजारी, अगदी उजेडात ठेवली. लपवलेली वस्तू लेक शोधून काढायची. समोरची तिला कधी दिसायची नाही.

लेक आली ती गोणी उघडूनच आली. मागे जावई, त्याच्या खांद्यावर नात, नातीच्या तोंडात जावयाची कॉलर.

"बाबा, आज भांडायचं नाही."

"मी कुठे भांडतोय? ने सगळं. बापालाही टाक गोणीत."

"तुमच्यावर लेबल नाही, नाहीतर टाकलं असतं."

फवारा गेला. गोळ्या गेल्या. करपून पापुद्रे सुटलेला नॉनस्टिकचा तवा गेला. त्याच्यासाठी पेंटर थोडे लढले, कारण न लढता सगळं दिलं असतं तर संशय आला असता. थिनरच्या डब्यांपाशी खरीखुरी जुंपली.

"हे माझ्या धंद्याचं आहे."

"तुमचा धंदा सुटला. नाकही सुटलं."

"नाकाचं काय घेऊन बसलीस? माझं काय अडलंय?"

"परवा दूध करपलं तर शेजारच्यांनी दार वाजवलं, बाबा!"

शेवटी ती मोरीत वाकली आणि तपकिरी बाटली घेऊन वर आली. हलवून पाहिली.

"रिकामी?"

"संपलं," पेंटर म्हणाले.

लेक क्षणभर बाटलीकडे पाहत राहिली. ही आईची बाटली, हे तिलाही दिसत होतं. मग तिने ती हळूच गोणीत ठेवली. बाकीच्यासारखी फेकली नाही. पेंटरांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"शाब्बास, बाबा. उद्यापासून आणते हिला."

पेंटर जिंकले होते. पोरही मिळाली, फिनेलही वाचलं. असला माल नेहमीच्या कचऱ्यात टाकायचा नसतो, म्हणून लेक गोणी खाली गाडीत ठेवायला निघाली. विजयाच्या भरात पेंटरांनी गोणीचं एक टोक उचललं आणि जिन्यावरून बापलेक भांडत भांडत खाली गेले.

वर आले तर स्वयंपाकघरात जावई उभा. एका हातात पोर, दुसऱ्या हातात ग्लास. ओट्यावर आणखी एक ग्लास भरून ठेवलेला. शेजारी सरबताची बाटली, टोपण काढलेली, आत जेमतेम चार बोटं उरलेलं.

"बाबा, तुमच्यासाठीपण केलंय," जावई म्हणाला. "फार उकडत होतं."

पेंटरांनी बाटली उचलली. "तुम्ही प्यालात?"

"हो. दोन ग्लास."

"दुसरा कशाला?"

जावई ओशाळला. "पहिल्याची चव जरा... वेगळी होती. म्हटलं तुम्ही घरी केलं असेल. उरवलं तर तुम्हाला वाईट वाटेल."

मागे दारात लेक चपला काढत होती. तिने अजून काही ऐकलं नव्हतं. जावयाला फिरायला म्हणून बाहेर काढावं आणि परस्पर दवाखान्यात न्यावं, असं पेंटरांच्या मनात एवढंसं येऊन गेलं. तेवढ्यात जावयाला उचकी लागली आणि त्याच्या ओठांवर एक छोटासा बुडबुडा आला. तो फुटला. नात खुदकन हसली.

"पोरी," पेंटर म्हणाले, "चप्पल काढू नकोस. तुझा नवरा फिनेल प्यायलाय."

लेकीने एका पायात चप्पल ठेवूनच सगळं ऐकलं. ओतलं कोणी, कशात, का. ती ओरडली नाही, ते जास्त वाईट होतं.

"सरबताच्या बाटलीत," ती म्हणाली. "दुधाशेजारी. माझी पोर उद्या इथे येणार होती."

"मला माहीत आहे."

"आता येणार नाही."

"तेही माहीत आहे. आधी दवाखान्यात चल."

"मी ओकून टाकू का?" जावयाने विचारलं.

"काही करायचं नाही!" दोघं एकदम ओरडले. त्या दिवसात बापलेकीचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

डॉक्टरांचं घर दवाखान्याच्या वरच होतं आणि दवाखाना कोपऱ्यावर. लेकीने ओट्यावरचा ग्लास मोरीत रिकामा केला आणि तिघं आणि पोर पळत निघाले. पेंटरांच्या हातात बाटली. वाटेत जावयाला आणखी दोन उचक्या लागल्या, आणखी दोन बुडबुडे आले.

"काही होतंय का?" लेकीने धापा टाकत विचारलं.

"तोंड एकदम स्वच्छ वाटतंय," जावई म्हणाला.

डॉक्टर बनियनवर खाली आले. म्हातारे गृहस्थ, पेंटरांच्या वयाचे, या घराला वर्षानुवर्षं ओळखणारे. "फिनेल" ऐकताच त्यांनी जावयाला खुर्चीत बसवलं, डोळे बघितले, नाडी बघितली, तोंडाचा वास घेतला. मग थांबले. परत वास घेतला.

"बाटली आणा इकडे."

त्यांनी बाटली नाकाशी धरली. एक थेंब बोटावर घेऊन चोळला, फेस आला. डॉक्टर खुर्चीत मागे टेकले आणि पोट धरून हसायला लागले.

"पेंटर, हे फिनेल नाही हो!"

"मी स्वतः फिनेलच्या बाटलीतून ओतलंय."

"बाटली फिनेलची असेल. आतलं वहिनींचं आहे. व्हिनेगर, रिठ्याचं पाणी आणि लिंबाच्या साली. यांना फार तर मळमळेल, पोट बिघडेल. भरपूर पाणी प्यायला द्या, संध्याकाळी मला दाखवून जा. खरं फिनेल असतं, तर इथे नाही, मोठ्या हॉस्पिटलात धावत असता. समजलं?"

पेंटरांना पुढचं काही समजत नव्हतं. "वहिनींचं म्हणजे?"

डॉक्टरांचं हसू जरा मंदावलं. "तुमचा खोकला जात नव्हता, आठवतं? मीच त्यांना म्हटलं, घरातली उग्र औषधं बंद करा. तर म्हणाल्या, ते ऐकायचे नाहीत. फिनेलशिवाय फरशी धुतली तर धुतलीच नाही म्हणतील. मी असं करते, बाटली तीच ठेवते. आणि मला बजावलं, यांना कळता कामा नये."

"कधीपासून?"

"झाली की बरीच वर्षं."

जावयाला एक उचकी लागली.

"फसवलं मला," पेंटर म्हणाले. "एका घरात राहून! माझ्या डोळ्यांदेखत!"

"नाकादेखत नाही ना," लेक म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. "बघितलंत? आई माझ्याच बाजूची होती."

"तुझ्या बाजूची असती तर बाटलीही फेकली असती. लेबल ठेवलं तिने. अर्धी माझ्या बाजूची."

"द्या ती बाटली इकडे."

"का? टाकायला?"

"टाकायला कशाला? आईने केलंय ते. माझ्या घरी नेते."

"हात लावून बघ."

"बाबा, तुम्ही रोज फरशीवर ओतणार ते!"

"ओतीन नाहीतर उशाला घेईन. मी नाही देत."

"अर्धं तरी द्या!"

"चार बोटांतलं अर्धं काय देऊ?"

दोघांनी बाटली धरली होती, एकाने गळ्याशी, एकीने बुडाशी. डॉक्टरांनी मधे पडून ती काढून घेतली, पेंटरांच्या हातात दिली आणि सगळ्यांना बाहेरचा रस्ता दाखवला.

सगळे घरी परतले. जिन्यात लेक थांबली.

"बाटल्यांवर खरी नावं लिहायची. खाण्यापिण्याच्या बाटलीत दुसरं काही भरायचं नाही. तोंडाने सांगा."

"लिहीन. नाही भरणार."

"मग उद्या आणते हिला."

पेंटरांनी मान हलवली. मग म्हणाले, "हे संपल्यावर काय?"

काय काय घालायचं ते डॉक्टरांना माहीत होतं, किती घालायचं ते नाही. ते फक्त एकीलाच माहीत होतं.

दुपारी दोघं ओट्याशी उभे राहिले. रिठे उकळले, साली कापल्या. पेंटर म्हणत होते व्हिनेगर वाढव, लेक म्हणत होती पुरे. पेंटरांना नाक नव्हतं. लेकीला नाक होतं, पण तिने त्या बाटलीचं फक्त लेबल वाचलं होतं. आत काय आहे हे कधी हुंगलं नव्हतं, आणि उरलेल्या चार बोटांचं टोपण पेंटर आता उघडू देत नव्हते. त्या घरात एकच माणूस असा होता, ज्याने ते मनापासून दोन ग्लास चाखलं होतं.

जावई खुर्चीत बसला होता. मांडीवर पोर, समोर पाण्याचा तांब्या.

"नुसतं जिभेला लावायचं," लेकीने बजावलं. "गिळायचं नाही. थुंकायचं."

जावयाने चमचा तोंडाशी नेला. डोळे मिटले. बापलेक श्वास रोखून त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. जावई थुंकला, चूळ भरली, बराच वेळ विचार केला. सासऱ्यांना वाईट वाटेल म्हणून त्याने आजवर कधी कशाला नाही म्हटलं नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "आईंच्या हातची चव नाही आली."

पेंटरांनी पातेलं मोरीत उपडं केलं आणि परत गॅस पेटवला.